शरणपूरचा मुलगा, सुरगाण्याची बाई : आपल्या नसलेल्या समाजातली माणसं कथेत कशी लिहावीत?

गंगेवरची (धागाकर्ती)

गेली तीन वर्षं मी एक कादंबरी लिहिते आहे. ती नाशिकमध्येच घडते, पण दोन काळांत. एक भाग १८६० च्या दशकातला, शरणपूरच्या मिशन वसाहतीतला. दुसरा आजचा, दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेतला. मी स्वतः पंचवटीत, ब्राह्मण घरात वाढले. हे आधीच सांगते, कारण माझा सगळा प्रश्न त्यातूनच आला आहे.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या बऱ्याच जणांना या जागेचा इतिहास ठाऊक नसतो, म्हणून थोडक्यात लिहिते. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीनं गावाबाहेर ही वसाहत वसवली. त्या काळात अरबी समुद्रातून गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत आणि त्यांतली बरीच इथे पाठवत. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी ती वाढली, शाळेत गेली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आफ्रिकेत शोधप्रवास करणारा स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये तिकडच्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्यानं इथले नऊ तरुण बरोबर नेले होते. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी माणसं धाडली गेली त्यांत जेकब वेनराइट होता. तोही नाशिकला शिकलेला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारला. ज्या झाडाखाली त्याचं हृदय पुरलं त्या झाडावर नाव आणि तारीख कोरली ती वेनराइटनं, आणि तिथली प्रार्थनाही त्यानंच वाचली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. आपल्या नाशिकच्या शाळेत अक्षरं गिरवलेला मुलगा.

हे वाचल्यापासून मला झोप लागेना. वेनराइटला नायक करायचं धाडस झालं नाही, म्हणून त्याच शाळेतला, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असा एक काल्पनिक मुलगा घेतला. आजच्या भागात सुरगाण्याहून विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढण्याच्या, टोळीबरोबर येणारी कोकणा या आदिवासी समाजातली एक बाई आहे.

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर आजच्या भागाची चाळीस पानं मी सुरगाणा तालुक्यातल्या एका शिक्षिकेला वाचायला दिली. त्या स्वतः कोकणा. महिन्याभरानं पानं परत आली. कुठे खूण नाही, दुरुस्ती नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ होती : "ही बाई कुणावरच का चिडत नाही?"

मी तो खर्डा पुन्हा वाचला. माझ्या कादंबरीत एक पंचवटीतली आजी आहे. ती लोणच्याच्या बरण्या कुलपात ठेवते, जावेच्या मुलीचं स्थळ मोडावं म्हणून खोटं बोलते, मग रात्रभर जागते. लिहिताना ती आपोआप तशी होत गेली. कोकणा बाईचे तेरा प्रसंग आहेत. तेराही प्रसंगांत ती ओझं वाहते, गप्प राहते, देते, सहन करते. शरणपूरच्या मुलाची पानं काढली तर तिथेही तेच. तो समुद्राकडचं आठवून रडतो, मार खातो, कृतज्ञ असतो. कुठेही खोटं बोलत नाही, कुणाचा हेवा करत नाही, कुणाची नक्कल करत नाही.

माझी माणसं चुकतात आणि परकी माणसं नुसती सोसतात, हे तेव्हा लक्षात आलं. मी त्यांच्याविषयी काहीच वाईट लिहिलं नव्हतं, आणि ते करताना त्यांच्याकडून माणूसपणच काढून घेतलं होतं.

तुम्ही हे कसं करता? लिहिणाऱ्यांनी सांगावं, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं जातं त्यांनीही सांगावं.

---

कसमादे

ताई, आधी भाषेविषयी बोलतो. मी सटाण्याचा, घरात अहिराणी. मराठी कथांमध्ये आमचा माणूस आला की लेखक अख्खं वाक्य प्रमाण मराठीत लिहितो आणि शेवटी एक 'शे' चिकटवतो. "मी उद्या बाजारात जाणार शे." असं आमच्याकडे कुणीही बोलत नाही. अहिराणीला स्वतःचं व्याकरण आहे. 'काय व्हयनं भो?' हे 'काय झालं रे?'चं बिघडलेलं रूप नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागते. या कथांमध्ये अहिराणी बोलणारा एकतर गडी असतो नाहीतर विनोदापुरता आलेला पाहुणा. अहिराणीत कुणी दुःखाबद्दल बोलत नाही, हिशेब घालत नाही, प्रेम करत नाही. माझी आई शेवटच्या आजारपणात दवाखान्यात होती. डॉक्टरांशी ती मराठीत बोलायची, माझ्याशी अहिराणीत. मराठीत म्हणायची, "बरं वाटतंय." अहिराणीत खरं सांगायची. कोणतं पात्र कुणाशी कोणत्या भाषेत खरं बोलतं, हे मी लिहिताना सगळ्यात आधी ठरवतो.

बोली नीट येत नसेल तर संवाद साध्या मराठीत लिहा आणि 'तो अहिराणीत म्हणाला' एवढं सांगा. वाचकाला पुरतं.

---

खरडछाटणी

दिंडोरी तालुक्यातला बागायतदार आहे. कथा लिहीत नाही, वाचतो. तुमच्या कादंबरीतला दुसरा भाग आमच्या बांधावरचा आहे म्हणून लिहितो.

सुरगाणा-पेठहून येणाऱ्या बायांना बहुतेक कथांत 'गरीब मजूर' म्हणतात. ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरले की विरळणी येते. घडात कोणता मणी ठेवायचा आणि कोणता कातरीनं काढायचा, हे ती बाई एका नजरेत ठरवते. एकाची जागा दुसऱ्याला मिळाली नाही तर मणी फुगत नाही, दाटले तर आतून सडतात. निर्यातीचा माल तिच्या हातावर ठरतो. चांगली टोळी मिळावी म्हणून आम्ही आधीपासून फोन करतो, उचल देतो. एकरी उक्त्याचा दर ठरवताना टोळीतली एखादी बाईच बोलते आणि ती हटत नाही. मागच्या हंगामात एका बाईनं माझा दर ऐकला, काही न बोलता पिकअपमध्ये जाऊन बसली, तिच्यामागे बाकीच्याही बसल्या, सगळ्या मिळून अकरा जणी. मला दर वाढवावा लागला.

तुमची बाई चिडत नाही, कारण तुम्ही तिला कामात पाहिलेलं नाही. तिला कातर धरून उभी करा. ती कुणाचं काम वाईट म्हणते, कुणाला शिकवत नाही, कुठे मुद्दाम हळू होते, हे दिसेल.

आणखी एक. माझ्या बाजूचंही खरं लिहा. आम्ही शेडमध्ये राहायला जागा देतो, पण पाण्याची, संडासाची सोय बऱ्याच ठिकाणी धड नसते. माझ्याकडेही बरीच वर्षं नव्हती. बागायतदार म्हणजे राक्षस नाही, पण हे आम्ही केलेलं आहे.

---

गंगेवरची

पिकअपमध्ये जाऊन बसण्याचा प्रसंग वाचून मी उठून उभी राहिले. असाच प्रसंग मला सुचायला हवा होता आणि सुचला नसता. तुमची परवानगी असेल तर वापरेन, बदलून.

---

खरडछाटणी

परवानगी मी द्यायची नाही, ती बाई देईल. जानेवारीत टोळी येईल तेव्हा विचारतो.

---

एकलहरे

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे आणि ते मनापासून आहे. आज प्रत्येकाला सांगितलं जातं की आपल्या अनुभवाबाहेरचं लिहू नका. मी औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलो. शेजारी केरळचं कुटुंब, वरच्या मजल्यावर बिहारचं, समोर नगरचं. मी फक्त माझ्या जातीचं लिहायचं ठरवलं तर माझं बालपण लिहिताच येणार नाही. कल्पना म्हणजे दुसऱ्याच्या अंगात शिरणंच की. पुरुषानं बाई लिहू नये, तरुणानं म्हातारा लिहू नये, असं म्हणत गेलो तर शेवटी प्रत्येकाकडे आत्मचरित्र उरेल.

ताईंनी चाळीस पानं वाचायला दिली हे चांगलं केलं. पण लेखक प्रत्येक पान कुणाच्या तरी मंजुरीसाठी पाठवू लागला तर लिखाण बुळबुळीत होईल. भीतीनं लिहिलेलं पात्रसुद्धा शेवटी सोसणारंच होतं. कुणी दुखावेल म्हणून त्याला दोषच द्यायचे नाहीत!

---

मोसमपूल

एकलहरे, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला वाटतं की विचारायला हवं.

मी मालेगावची, मुसलमान, व्यवसायानं वकील. मराठी माझी शाळेची आणि कोर्टाची भाषा, घरची उर्दू. लहानपणापासून मराठी कथा वाचत आले. त्यांतला मुसलमान मला पाठ आहे. अत्तराचा वास येतो, अजान होते, बिर्याणी येते, एक म्हातारे चाचा खांद्यावर हात ठेवतात. मग दंगल होते. त्या दंगलीत आमचा माणूस मरतो, नाहीतर हिंदू नायकाला वाचवतो. तिसरं काही करायला त्याला वेळच मिळत नाही.

मालेगावात मोठं झालेल्या माणसाला काय आठवतं ते सांगते. साच्यांचा, म्हणजे यंत्रमागांचा, आवाज. तो इतका सतत असतो की लाईट गेल्यावर शांततेनं जाग येते. शुक्रवारी साचे बंद, त्यामुळे आठवड्याला एक वेगळा श्वास असतो. कांड्या भरणाऱ्या बायकांच्या गप्पा. सुताचा भाव वाढला की घराघरांत बदलणारा आवाज. माझे एक मामा होते, ते मालकाशी बीममधल्या सुताच्या वजनावरून अकरा वर्षं बोलले नाहीत. अकरा वर्षं! दोघं एकाच मशिदीत, एकाच रांगेत नमाज पढायचे आणि एकमेकांकडे पाहायचे नाहीत. या मामांवर कथा लिहा. यात धर्म आहे, पण तो कथेचा विषय नाही. तो रोजच्या हवेसारखा आहे.

आणि कृपा करून सगळ्या मुसलमानांच्या तोंडी एकच तोडकीमोडकी हिंदी देऊ नका. निफाड-सिन्नरकडच्या खेड्यातला मुसलमान शेतकरी तुमच्यासारखीच मराठी बोलतो. जुन्या नाशकातली, काझीपुऱ्यातली बोली वेगळी. मालेगावची वेगळी, तीत मराठी शब्द भरपूर. कोकणातल्या मुसलमानांचं तर आणखी निराळं.

विचारणं म्हणजे मंजुरी नाही. मी कोर्टात साक्षीदाराला विचारते तेव्हा निकाल त्याच्या हातात देत नाही. पण न विचारता युक्तिवाद केला तर मी वाईट वकील.

---

अंबड लिंक रोड

यात उत्तर भारतीय कामगारही घ्या. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत किती जण आहेत, पण कथेत तो 'भैया' असतो, नाव नसतं. माझ्या लाइनवरचा गोरखपूरचा मुलगा गणपतीत आमच्या मंडळाची वर्गणी सगळ्यांत कडक वसूल करायचा. माझ्या बापालाही सोडलं नाही त्यानं.

---

देवळाली गाव

मी बौद्ध. आडनावाविषयी लिहायचं आहे, कारण हा मुद्दा कुणी काढला नाही.

मराठीत आडनाव लिहिलं की वाचक लगेच जात लावतो. म्हणून अनेक लेखक पात्राला आडनावच देत नाहीत. त्यांना वाटतं आपण जात टाळली. पण आडनाव नसलेलं, 'पुस्तकी' बोलणारं, दिवाणखान्यात बसलेलं पात्र वाचक आपोआप वरच्या जातीचं समजतो. मीसुद्धा समजतो! माझ्याच जातीचं असू शकेल असं माझ्या मनातही येत नाही, इतकी सवय झाली आहे. तेव्हा वेगळ्या समाजाचं पात्र कसं लिहावं हे विचारण्याआधी तुमच्या 'नेहमीच्या' पात्राचा समाजही तुम्ही लिहीतच असता, हे लक्षात घ्या. पंचवटीतली आजी काही समाजाबाहेरची नाही. तिच्या कुलूपबंद बरण्यांत सोवळंही आहे. ते दिसतं का तुमच्या कादंबरीत?

आमचं पात्र कधी येतं? काळाराम मंदिराचा सत्याग्रह आला की. २ मार्च १९३०, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, पाच वर्षांचा लढा, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा. हे आमचं आहे, आमच्या अभिमानाचं आहे. माझे आजोबा या दिवसांविषयी बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. पण आजोबांना पत्त्यांचाही नाद होता. आजीला न सांगता ते नाशिकरोडच्या जत्रेत बैल बघायला जायचे, आणि आमच्याकडे बैल नव्हता. विकत घ्यायची ऐपतही नव्हती. फक्त बघायला. सत्याग्रह लिहिणाऱ्या कुणाही लेखकाला हा माणूस बैलाच्या दातांची पारख करताना दिसलेला नाही.

आजच्या कथांत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दाखवला की घर झालं. फोटो असतोच. पण त्याखाली काय चाललंय? टीव्हीच्या रिमोटवरून भांडण. धाकट्या बहिणीनं ठरवलेलं लग्न. बँकेची नोकरी सोडू पाहणारा भाऊ आणि त्याला वेड्यात काढणारी आई.

बाबुराव बागूल आपल्या विहितगावचे, वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. आमचं आम्ही लिहिलं आहे आणि जोरात लिहिलं आहे. दुसऱ्यांनी लिहूच नये असं माझं म्हणणं नाही. लिहिण्याआधी आमचं वाचलेलं असावं.

---

गंगेवरची

सोवळ्याबद्दल तुम्ही विचारलंत. नाही, ते माझ्या कादंबरीत नाही. आजीच्या स्वयंपाकघरात कोण येऊ शकत होतं आणि कोण नाही, हे मी लहानपणी पाहिलं आहे. भांडी घासणाऱ्या बाईंचा कप वेगळा, खिडकीतल्या कोनाड्यात असायचा. लिहिताना तो कप मला आठवला होता. मी तो लिहिला नाही. आजी वाचकाला आवडावी असं वाटत होतं. हे इथे लिहिताना हात जड झाला आहे, पण तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं.

कप येईल कादंबरीत.

---

जुनी कागदपत्रं

शरणपूरच्या मुलाबद्दल. मी या विषयावर बरीच वर्षं वाचतो आहे, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट शब्दांची. 'हबशी' हा शब्द हबश म्हणजे इथिओपियावरून आला. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला, अहमदनगरला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. त्याला हबशी म्हणणं बरोबर. वेनराइट याओ होता. याओ हे न्यासा सरोवराच्या परिसरातले लोक, इथिओपियापासून फार दक्षिणेला. भाषा वेगळी, देव वेगळे. तुमचा मुलगाही तिकडचा असेल तर निवेदनात त्याला हबशी म्हणू नका. बाजारातला माणूस त्याला 'हबशी' म्हणून हाक मारेल, तर ते त्या माणसाचं अज्ञान म्हणून संवादात येऊ द्या. मुलगा मनात काय म्हणतो तेही येऊ द्या. निवेदकाचा शब्द आणि पात्राचा शब्द यांत फरक ठेवला की अर्धा घोळ मिटतो.

दुसरी गोष्ट आपल्या वाचकाच्या डोक्यातल्या चित्राची. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आफ्रिकन माणूस म्हणजे जंजिऱ्याचा क्रूर सिद्दी, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या पक्कं केलं आहे. दात चमकतात, डोळे लाल, तलवार रक्ताळलेली. मलिक अंबरच्या बाजूनं १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे लढले होते, हे मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही. तुमचा मुलगा पानावर आला की वाचक ते जुनं चित्र घेऊन येणार. म्हणून त्याच्या रंगाचं वर्णन पहिल्या ओळीत करू नका. आधी तो काय करतोय ते दाखवा. आणि पंचवटीतल्या आजीच्या रंगाचं वर्णन नसेल तर त्याच्याही रंगाला दोन परिच्छेद कशाला?

तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. इंग्रजी कागदपत्रांत ही माणसं 'निष्ठावान सेवक' म्हणून येतात. मालकाचं शव किनाऱ्यापर्यंत नेलं, धन्य ते! पण वेनराइटनं त्या प्रवासाची स्वतःची रोजनिशी ठेवली होती. ज्याच्या हातात लेखणी आहे तो नुसता सेवक नसतो. १८७४-७५ मध्ये पूर्व आफ्रिकेत मोम्बासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत वसवली गेली तेव्हा नाशिकची बरीच माणसं तिकडे नेली. शरणपूरचे मिशनरी विल्यम प्राइसही तिकडेच गेले. तिथे या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिकलेले, हातात कसब असलेले, इंग्रजी येणारे. आणि युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे पगारावरून, मानावरून खटके उडाले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे नाशिकला शिकलेले दोघे पुढे पाद्री झाले. म्हणजे राग होता, महत्त्वाकांक्षा होती, आपली किंमत ठाऊक होती. तुमच्या शिक्षिकाबाईंनी पेन्सिलीनं जे विचारलं त्याचं उत्तर इतिहासात आहे.

आणखी एक विचार करा. ज्या भूमीतून लहानपणी पळवून नेलं तिथे मोठेपणी परत जायचं, आणि तिथले लोक तुम्हाला 'बॉम्बे'चे म्हणणार. मोम्बासात उतरल्यावर त्याला नाशिकची कोणती गोष्ट आठवेल?

---

सुईदोरा

शेवटच्या प्रश्नावर मी दिवसभर अडकले आहे. गोदेचा पूर? सोप्या वाटेनं नको जायला. कदाचित फोडणीचा वास. कदाचित एखादी शिवी. परक्या गावात माणसाला शिवी आधी आठवते.

---

हातगड

मी सुरगाणा तालुक्यातला, कोकणा. धागा दोन दिवस वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं.

आम्हाला कथेत 'आदिवासी' म्हणतात. नुसतं आदिवासी. आमच्या जिल्ह्यात कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी आहेत. बोली वेगळ्या, लग्नाच्या रीती वेगळ्या, आपापसांत मानपानही आहेत. कुणी कुणाकडे जेवत नाही असंही आहे. हे लेखकाला गैरसोयीचं वाटतं. त्याला सगळे एकसारखे निरागस हवे असतात. आमच्यातही उच्चनीच आहे हे लिहिलं तरी चालेल. खरं आहे ते.

दुसरं, आमचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव. कुणी आमच्याकडे आला की त्याला पावरी हे फुंकवाद्य ऐकायचं असतं, व्रत धरलेल्या माऊल्या बघायच्या असतात. मग कथेत रात्र, शेकोटी, पावरीचा सूर, अंगात येणं. शहरातली नायिका रडते, तिला जीवनाचा अर्थ कळतो. आमचा उत्सव तिच्या मनःशांतीसाठी नसतो. त्यात काही गोष्टी बाहेरच्यांना सांगायच्या नसतात. एखाद्यानं 'हे लिहू नका' म्हटलं तर लिहू नका. तिथे कल्पनाशक्तीचा हक्क सांगू नये, एकलहरे. तुमचं बाकीचं पटलं.

भूकही लोकांना फार आवडते. आमच्याकडे भूक होती, आजही उन्हाळ्यात पाण्यासाठी हाल आहेत. पावसाळ्यात धो धो पडतं आणि मार्चनंतर हंडे. पण नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी आम्ही बिचारे म्हणून खात नाही. ती आम्हाला आवडते. माझी बायको खुरासणी भाजताना कुणाला जवळ येऊ देत नाही, करपली तर दोष दुसऱ्याचा.

तिसरं, पैशाचं. बोलायला बरं वाटत नाही, पण बोलतो. दरवर्षी कुणीतरी येतं. विद्यार्थी येतात, लेखक येतात, माहितीपट करणारे येतात. आम्ही दिवसभर फिरवतो, जेवू घालतो, शब्दांचे अर्थ सांगतो. नंतर पुस्तक आलं की नाही तेही कळत नाही. ती चाळीस पानं वाचणाऱ्या बाईंनी महिनाभर स्वतःचा वेळ दिला. मुद्रितशोधकाला पैसे देता ना? त्यांनाही द्या. निदान पुस्तकाच्या प्रती द्या आणि त्यांची परवानगी असेल तर नावानिशी आभार माना.

---

गंगेवरची

हातगड, तुमचा प्रतिसाद वाचून मी त्यांना फोन केला. पैशांचं विचारलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग थोडं थांबून म्हणाल्या, शाळेला पुस्तकं घेऊन द्या, यादी मी पाठवते. यादी आली आहे. बत्तीस पुस्तकं. त्यातलं एकही आदिवासींविषयीचं नाही. विज्ञानाची, कोड्यांची, दोन नकाशांची.

शेकोटीचा प्रसंग होता माझ्याकडे. काढला. नायिका रडत नव्हती, पण तिकडेच चालली होती.

शरणपूरच्या भागाचं एक पान पुन्हा लिहिलं आहे. इथे देते. जसं वाटेल तसं सांगा.

*रंधा चोरल्याचं त्यानं कबूल केलं नाही. सायमननं तीनदा विचारलं, मिस्त्रींनी एकदा. सायमन त्याच्याआधी एक वर्ष आला होता आणि त्यामुळे स्वतःला त्याचा थोरला समजत असे. मिस्त्री नगरकडचे, नवे ख्रिस्ती, प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्यानं गाणारे. रंधा खोलीत, गवताच्या गादीखाली होता. तो विकायचा नव्हता. सायमनच्या हातात तो फार शोभत होता एवढंच. सायमननं रंधा मारला की सागाची साल कागदासारखी निघायची, अखंड, आणि मिस्त्री ती उचलून उजेडाला धरायचे. त्याला एकदा तरी मिस्त्रींनी आपली साल उजेडाला धरलेली पाहायची होती.*

*"देव बघतो," सायमन म्हणाला.*

*"मग देवालाच विचार," तो मराठीत म्हणाला. सायमनशी तो एरवी त्या दोघांच्या भाषेत बोलत असे. आज नाही बोलला.*

---

कसमादे

'आज नाही बोलला' इथे थांबलो. बरोबर जागी भाषा बदलली आहे.

---

देवळाली गाव

मिस्त्री 'नवे ख्रिस्ती' आहेत. आधी कोण होते? मुलाला ते ठाऊक नसेल, पण मिस्त्रींना शरणपूरबाहेरच्या गावात कोण कसं वागवतं ते मुलाला दिसलं असणार. पाण्याच्या जागी, दुकानात. त्याचा अर्थ तो काय लावतो? दोन वेगवेगळ्या अपमानांची माणसं एका छपराखाली काम करताहेत. माझ्या मते तुमची कादंबरी इथे आहे.

---

मोसमपूल

मुलाचं नाव काय? मिशननं दिलेलं आणि आईनं दिलेलं?

---

गंगेवरची

मिशननं दिलेलं नाव खर्ड्यात आहे. आईनं दिलेलं त्याला आठवतं, पण तो कुणाला सांगत नाही. पुस्तकात वाचकालाही सांगणार नाही.

देवळाली गाव, मिस्त्रींवर आजपासून काम करते.

---

लाकूडकाम

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी. एक दुरुस्ती. रंध्यातून निघते ती साल नाही, तिला आम्ही झिलपी म्हणतो. साल झाडाची. आणि सागात अखंड झिलपी निघायला पातं नुसतं धारदार असून भागत नाही, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं मारावं लागतं. उलटं मारलं की लाकूड उचकटतं. तुमचा मुलगा नवीन आहे, तो उलट्या दिशेनं मारत असेल आणि त्याला वाटत असेल की चूक रंध्याची आहे. म्हणून त्यानं सायमनचा चोरला.

---

गंगेवरची

लाकूडकाम, हे मला घरात बसून कधीच सुचलं नसतं. चोरीचं कारणच बदललं. पान पुन्हा लिहिते.

---

खरडछाटणी

टोळी आली. त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा म्हणावं, पण बारा जणी होतो आम्ही, अकरा नाही, आणि दर किती वाढवून घेतला तो आकडा पुस्तकात आलाच पाहिजे.

---

हातगड

ताई, एप्रिलच्या शेवटी शाळेच्या परीक्षा संपतात. पुस्तकं घेऊन त्याच वेळी या, आणि आजच्या भागाचा नवा खर्डा छापून आणा, फोनवर वाचायला जमत नाही. मी आणि त्या शिक्षिकाबाई दोघंही वाचू. मुक्कामाला आमच्याकडेच या.